नसबंदीनंतर कुत्री रडते, थरथरते, बसत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

ऑपरेशन करून आणलेल्या कुत्रीचा फोन मला बहुतेक रात्री दहा ते एकच्या मधेच येतो. "ताई, चिंगी लागोपाठ रडून राहिली." "थरथरून राहिली जी." "तासभर झाला, उभीच आहे, बसतच नाही." आणि शेवटी हमखास, "घरात पॅरासिटामॉल आहे, अर्धी देऊ का?"

नका देऊ. कारण पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. नागपुरात मानेवाड्यात राहते, अकरा वर्षांपासून गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी करून आणते आणि टाके निघेपर्यंत त्यांना घरच्या मागच्या खोलीत ठेवते. चाळीसेक झाल्या असतील. तीच ती अडचण इतक्यांदा पाहिली की फोनवर आधी काय विचारायचं आणि मग काय, हे आता पाठ झालंय. तोच क्रम इथे लिहिते. फुकटातलं आणि सोपं आधी, खर्चाचं नंतर.

दुखतंय हे कशावरून ओळखायचं

रडण्यावरून तर मुळीच नाही. घरात वाढलेली लाडावलेली कुत्री नुसती कंटाळली तरी रडते. गल्लीतली पोटात कळ आली तरी तोंडातून आवाज काढत नाही. आवाजापेक्षा अंगाकडे पाहा:

- पाठ कमानीसारखी वाकलेली, पोट आत ओढलेलं
- पुढचे पाय जमिनीला टेकलेले आणि ढुंगण वर, नमस्कार घातल्यासारखं
- बसायला जाते, अर्ध्यात थांबते, परत उभी राहते
- टाक्यांकडे सारखी मान वळवते, चाटायला जाते
- खोली गार आहे, ती पडलेली आहे, तरी धापा चालूच
- हात जवळ नेला की अंग आखडते. कधी न गुरगुरणारी गुरगुरते
- कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते, हाक मारली तरी शेपटी हलत नाही
- दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अन्नाला तोंड लावत नाही

आता ज्यांनी घाबरायचं नाही अशा गोष्टी. पहिल्या रात्री झोकांड्या जाणं, डोळे अर्धे मिटलेले असणं, घशात नळी घातली होती म्हणून एखाद दिवस खोकणं, दोन-तीन दिवस शी न होणं (ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेलं असतं, पोटात काही असलं तर येईल ना!), टाक्यांच्या कडेला हलकी लाली. हे सगळं चालतं.

आणि दुखतं ते का, तेही समजून घ्या. बाहेरून दिसतो तो दोन-तीन इंचाचा छेद. आत मात्र दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढलेलं असतं, आणि अंडाशय वर खेचून घेताना आतली बंधनं ताणली जातात. म्हणून टाके कितीही छान दिसले तरी पहिले दोन दिवस पोटात दुखणारच. तिसऱ्या दिवसापासून उतार दिसला पाहिजे. उतार पडून परत चढ आला, म्हणजे तिसऱ्या दिवशी खेळणारी कुत्री पाचव्या दिवशी आखडून बसली, तर ते नेहमीचं दुखणं नाही. तेव्हा मधल्या तपासण्या सोडून सरळ जखमेच्या भागावर या.

आधी घड्याळ पाहा

मला आलेल्या फोनांपैकी सगळ्यात जास्त इथेच सुटले. दवाखान्यात दुखणं आणि सूज कमी करणारं इंजेक्शन देतात. ते साधारण एक दिवस पुरतं. पुढच्या गोळ्या चिठ्ठीवर लिहून देतात, दुसऱ्या दिवसापासून. घरी काय होतं? कुत्री गुंगीत छान झोपलेली दिसते, सगळ्यांना वाटतं बरी आहे, मग गोळी "लागली तर देऊ" म्हणून चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून ठेवतात. इंजेक्शन उतरतं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि फोन येतो त्याच रात्री.

दुखणं चढल्यावर दिलेली गोळी चढायच्या आधी दिलेल्या गोळीइतकं काम करत नाही. म्हणून चिठ्ठी उघडा, इंजेक्शन किती वाजता दिलं ते पाहा, पहिली गोळी किती वाजता द्यायची होती ते पाहा. मी कॅलेंडरवरच लिहून ठेवते: औषधाचं नाव, वेळ, किती. घरात चार माणसं असतात, एकाने दिली की दुसरा परत देतो, असंही झालेलं आहे. गोळी चुकली असेल तर डॉक्टरांना विचारून द्या, आणि चुकलेली भरून काढायला दोन एकदम देऊ नका.

पहिली रात्र असेल तर आणखी एक शक्यता असते, भूल उतरण्याची. काही कुत्र्या भूल उतरताना तास-दोन तास नुसत्या गळा काढतात, डोळे कुठेतरी लागलेले, मालकाला ओळखत नाहीत. फरक ओळखायची माझी पद्धत अशी: जखमेपासून लांब, छातीवर हात ठेवते आणि हळू बोलते. गुंगीतली कुत्री हाताने शांतही होत नाही आणि जखमेच्या बाजूने हात गेला तरी खास दचकत नाही. दुखणारी दचकते. गुंगीतलीला अंधारात, गादीवर, एकटी सोडा. चार-पाच तासांत ती ताळ्यावर येते.

मग शू

हे लिहिताना मला चिंगीच आठवते. सक्करदऱ्याहून फोन आला, पाय ताणून उभी, कण्हते, बसायला गेली की उठते. सगळी लक्षणं दुखण्याची. शेवटी विचारलं, शू कधी केली? दादा म्हणाले, "सकाळी नेली तेव्हाच." म्हणजे चौदा तास! त्यात दवाखान्यात सलाइन लावलेलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, कुत्री घरात करणारी नाही, आणि ऑपरेशन झालं म्हणून यांनी तिला खाली नेलं नव्हतं. रात्री साडेअकराला उचलून खाली नेली. पार्किंगमधल्या स्कूटरच्या चाकाशी मिनिटभर उभी राहून मोकळी झाली, वर आणल्यावर एक उसासा टाकला आणि झोपली. टाके पोटावर असतात आणि तुडुंब मूत्राशय आतून त्याच जागेवर दाबतं, तर बसेल कशी बिचारी.

गल्लीतल्या कुत्र्या टाइल्सवर करतच नाहीत, त्यांना माती लागते. पट्टा लावून, उचलून, मातीपर्यंत न्या. चोवीस तासांत एकदाही शू झाली नाही तर हे घरचं काम राहिलं नाही.

थंडी, कूलर, आवाज

भुलीत अंगाची ऊब जाते. घरी आणलेली कुत्री थरथरते ती पुष्कळदा गारठ्याने. आता तुम्ही म्हणाल नागपुरात मे महिन्यात गारठा कुठला? पण पारा ४५ च्या पुढे जातो म्हणूनच लोक ऑपरेशन झालेल्या कुत्रीला कूलरच्या तोंडासमोर झोपवतात. पोटावरचे केस काढलेले, अंग अर्धं सुन्न, आणि वरून ओला वारा. कूलर बंद करू नका, कुत्री बाजूला सरकवा. खाली सतरंजी घाला, अंगावर पातळ चादर टाका. अर्ध्या तासात थरथर थांबली तर ती थंडी होती.

उलटही होतं. बंद खोलीत उकाड्याने धापा टाकणाऱ्या कुत्रीला दुखतंय समजतात. खोली हवेशीर करा आणि ती झोपली की छातीचे श्वास मोजा, पंधरा सेकंदांत किती ते मोजून गुणिले चार. मिनिटाला दहा ते तीस ठीक.

आवाजाचं तर काय सांगू! एकदा मी पोळ्याच्या आदल्या दिवशी एका काळ्या कुत्रीचं ऑपरेशन करून आणलं आणि तिला दोन दिवस महाल भागातल्या बहिणीकडे ठेवलं. दुसरे दिवशी पोळा शांततेत गेला. तिसऱ्या दिवशी मारबत निघाली (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक), ढोल, ताशे, "घेऊन जा गे मारबत" चा घोष, आणि ही पलंगाखाली घुसून अशी थरथरायला लागली की बहीण रडकुंडीला आली. मी गोळीची वेळ, शू, टाके सगळं फोनवर तपासून घेतलं आणि तरी कळेना. मग फोनमध्ये मागून ताशा ऐकू आला. दुपारी मिरवणूक पुढे गेली, कुत्री बाहेर आली, पोळी खाल्ली. तेव्हापासून तारीख घेताना मी कॅलेंडर पाहते. दिवाळीच्या आठवड्यात, शेजारी लग्न असताना, मारबतीच्या तोंडावर ऑपरेशन नाही.

गळ्यातली कॉलर आणि पोटावरची पट्टी

जखम चाटू नये म्हणून गळ्यात फनेलसारखी कॉलर घालतात. दोन बोटं आत जात नसतील तर ती सैल करा. पोटावर गुंडाळलेली पट्टी सरकून कमरेत दोरीसारखी आवळली जाते, तीही दुखण्याचं कारण असते. मांडीच्या आतल्या बाजूला वळ उठलेत का पाहा. प्लॅस्टिकच्या कॉलरला काही कुत्र्या इतक्या घाबरतात की पुतळा होऊन उभ्या राहतात. त्यांना मी दहा-बारा वर्षांच्या मुलाचा जुना टी-शर्ट घालते, मागची बाजू पोटाकडे येईल असा, आणि पाठीवर गाठ मारते. टी-शर्ट कोरडा हवा. शूने भिजला की लगेच बदला.

उडी मारली का?

तिसऱ्या दिवशी कुत्रीला बरं वाटतं आणि ती पलंगावर उडी मारते. वरचे टाके धरून राहतात, पण आतल्या शिवणीला ताण बसतो. दहा ते चौदा दिवस पलंग नाही, सोफा नाही, जिना नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. छोटी खोली, दाराला आडवी फळी, फिरायला फक्त पट्ट्याने आणि फक्त शी-शूपुरतं. घरचे लोक इथेच ढिले पडतात, "ती मानतच नाही ना ताई." मानणार नाहीच. दार लावायचं.

पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ जखमेच्या शेजारी आठ-दहा मिनिटं धरता येतो, दिवसातून दोन-तीनदा. सूज आणि ठणका दोन्ही कमी होतात. जखम ओली होऊ द्यायची नाही, आणि कुत्री धरू देत नसेल तर कुस्ती करायची नाही.

जखम: डोळ्यांनी, नाकाने, मग बोटाने

दिवसातून दोनदा, उजेडात. रोज एकाच वेळी, एकाच अंतरावरून फोटो काढा. कालच्यापेक्षा लाली वाढली की घटली हे आठवणीवरून कधीच नीट सांगता येत नाही. लाली पसरतेय, कड गरम आहे, पिवळा-हिरवा स्राव आहे, कुजका वास येतो, किंवा टाक्यांच्या मधे फट दिसतेय, यातलं एकही असलं तर दवाखाना.

टाक्यांखाली लिंबाएवढा मऊ फुगवटा आला तर बहुतेक वेळा आत साठलेलं पाणी असतं, किंवा आतल्या टाक्याच्या गाठीची जागा. पण आतली शिवण सुटली तरी बाहेरून तसंच दिसतं. त्यामुळे दाबून, सुई टोचून पाहायचं नाही. फोटो पाठवा आणि दाखवा.

बोटाने तपासायचं ते जखमेवर नाही. दीड-दोन इंच लांब, हलकं दाबायचं. कुत्री वळून नुसती पाहते, की दचकते, की चावायला येते? डॉक्टरही हेच मोजून करतात. ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली एक वेदना-मोजपट्टी आहे, त्यात कण्हणं, जखमेकडे लक्ष, चाल, स्पर्श, मन:स्थिती, बसण्याची ढब असे गुण देतात. एकूण २४ पैकी ६ किंवा जास्त आले की वेदनाशामक द्यायची वेळ आली असं धरतात. घरी गुण देत बसायची गरज नाही, पण डॉक्टरांना "रडते" म्हणण्यापेक्षा "दोन इंचावर दाबलं तर चावायला आली" म्हणाल तर त्यांना काहीतरी कळेल.

पावसाळ्यातलं वेगळं. ऑगस्टमध्ये एकदा चौथ्या दिवशी एका कुत्रीचा टी-शर्ट वर केला तर शेवटच्या टाक्यापाशी तांदळाच्या बारीक कणीसारखे पांढरे ठिपके, एकमेकांना चिकटून. मला वाटलं भात सांडला. ती माशीची अंडी होती. टी-शर्ट रात्री पावसात भिजला होता आणि मी सकाळी बदलला नव्हता. त्याच तासाला दवाखान्यात नेली म्हणून निभावलं. अळ्या पडल्या असत्या तर तिने किती सोसलं असतं कोण जाणे. हळद, खोबरेल, राख, पावडर काहीही जखमेवर टाकू नका. हळदीने जखम पिवळी होते आणि खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं.

गोळी दिलीय, तरी दुखतंय

घरच्या तपासण्या इथे संपतात. गोळी वेळेवर गेली, पोटात राहिली, दोन तास झाले, तरी पाठीची कमान जात नाही: आता औषध कमी पडतंय, आणि ते वाढवायचं काम डॉक्टरांचं. त्यांना औषधाचं नाव वाचून दाखवा. एकटी ट्रामाडॉलची गोळी लिहिलेली असेल तर तसं मुद्दाम सांगा. माणसाच्या शरीरात ट्रामाडॉलपासून जो जोरकस अंश तयार होतो तो कुत्र्यात फार कमी बनतो, त्यामुळे तोंडाने दिलेल्या त्या गोळीवर एकटीवर भिस्त ठेवता येत नाही.

आता पॅरासिटामॉल. कुत्र्यात ते यकृताला मारतं, आणि जास्त झालं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद काढून घेतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. आयबुप्रोफेनने पोटात व्रण आणि किडनी बंद. डायक्लोफेनॅकही तसंच. जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडं मरत होती म्हणून, पण माणसांची गोळी प्रत्येक घराच्या डब्यात आहे आणि ती कुत्र्याच्या पोटाला भारीच आहे.

"पण डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम लिहिलं, तेच मेडिकलमध्ये मिळतं की!" मिळतं. कुत्र्याचा नेहमीचा हिशोब पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, पुढे रोज ०.१. म्हणजे १५ किलोच्या कुत्रीला दिवसाला दीड मिलिग्रॅम. माणसाची गोळी साडेसातची नाहीतर पंधराची. साडेसातची एक दिली की पाचपट झाली. हा आकडा घरी डोस काढायला दिलेला नाही, चूक किती मोठी होते ते दिसावं म्हणून दिला. माणसांच्या काही सिरपमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो तर कुत्र्याला विषच.

डॉक्टरांनी लिहिलेली मेलॉक्सिकॅमसारखी औषधं भरल्या पोटी आणि भरपूर पाण्यावर चालतात. शरीरातलं पाणी कमी झालं की तीच गोळी किडनीवर जाते, आणि आपला उन्हाळा पाणी ओढून घेतोच. १५ किलोच्या कुत्रीने दिवसाला पाऊण ते एक लिटर प्यायला हवं, उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्त. पीत नसेल तर मीठ-कांदा नसलेलं चिकनचं पाणी द्या. गोळीआधी वरण-भात चार घास, फोडणीशिवाय. सावजीची तर्री बोटाने चाटवणारे एक काका मला माहीत आहेत, म्हणून लिहिते: नको. उलटी झाली, शी डांबरासारखी काळी झाली किंवा खाणंच बंद झालं तर पुढची गोळी थांबवा आणि आधी डॉक्टरांना विचारा. खाजेसाठी वगैरे आधीपासून स्टिरॉइड चालू असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगायचं. स्टिरॉइड आणि ही औषधं एकत्र गेली की आतड्यातून रक्त जाऊ शकतं.

इथे थांबा आणि निघा

ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा, सोडा. पांढरा डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी पांढुरकी असेल, पोट फुगतंय, कुत्री उभी राहत नाही, तर आत रक्त जातंय असं समजून त्याच मिनिटाला निघा. सकाळची वाट पाहू नका.

याखेरीज: गुदद्वारातून मोजलेला ताप १०३ फॅरनहाइटच्या वर किंवा ९९ च्या खाली (नेहमीचा १००.५ ते १०२.५), टाक्यांतून रक्ताची धार थांबत नाही, वारंवार उलट्या, झोपेतही मिनिटाला चाळीसच्या वर श्वास. टाके उघडून आतलं काही बाहेर डोकावत असेल तर हाताने आत ढकलू नका. स्वच्छ ओलं कापड ठेवा, वर चादर गुंडाळा, कॉलर घाला, गाडी काढा.

दिवसा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथे सर्जरीचे लोक असतात. रात्रीचा प्रश्न कठीण. ऑपरेशनची तारीख घेतानाच "रात्री दोनला काही झालं तर कुणाला फोन करू?" हे विचारून घ्या, आणि ज्यांच्याकडे याचं उत्तर नाही त्यांच्याकडे मी तरी तारीख घेत नाही. फोनवर पाच गोष्टी सांगा: वजन, ऑपरेशन किती वाजता झालं, शेवटचं औषध कोणतं आणि कधी, हिरडीचा रंग, ताप. वजन माहीत नसेल तर कुत्रीला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा.

टाके दहाव्या ते चौदाव्या दिवशी निघतात, तोवर अंघोळ नाही. गल्लीतलीला जिथून उचललं तिथेच सोडायचं, २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही तेच आहे. मी टाके काढल्यावर आणखी दोन दिवस ठेवते, केसांची खुंटं वर येईपर्यंत.